करडईचं तेल आणि नानांची पिकप

सकाळी आमच्या घरात पहिला आवाज व्हायचा तो पिकपच्या स्टेअरिंगचा. देवघरातली घंटा नंतर, दूधवाल्याची सायकल नंतर, आईचा खलबत्ता त्याच्याही नंतर. नाना, म्हणजे माझे वडील, अंगणात गाडी चालू करायचे आणि जागच्या जागी चाक एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला पूर्ण फिरवायचे. टोकाला लागलं की लगेच सोडायचे. "टोकाला धरून ठिवलं की पंप रडतो," असं ते सांगायचे. मी शेजारच्या सीटवर डोळे मिटून, कान देऊन बसायची. आवाज गुळगुळीत आला तर ठीक. गुरगुर आली तर तेल कमी किंवा आत हवा शिरलेली, किंचाळी आली तर पट्टा ढिला. मग मी खाली उतरून गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा ओढून बघायची. त्यावर लाल थेंब असला तर कुठला तरी पाइप पाझरतोय. शेवटी बॉनेट वर करून स्टेअरिंगच्या तेलाच्या छोट्या टाकीचं झाकण उघडायचं, झाकणालाच चिकटलेली काडी पुसून परत बुडवायची आणि तेल खुणेपर्यंत आहे का ते बघायचं. ते तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असायचं. एवढं सगळं करून मी हात पुसत घरात जायची, तेव्हा माझ्या चालण्यात असा काही रुबाब असायचा की जणू विमान उडवून आलेय. आज तो आठवला की डोक्यावरून पदर घ्यावासा वाटतो, आणि मी तर पदर घेणाऱ्यातली नाही.

आम्ही शहराच्या छावणी भागात राहायचो, बाजाराच्या मागच्या अंगाला. पुढं पत्र्याच्या सावलीत गाडी, मागं दोन खोल्या, न्हाणीघराला लागून चूल. मूळचे आम्ही पिशोर गावचे. शेती तिकडं मोठ्या काकांकडं होती आणि दर वर्षी तिकडून आमच्या वाट्याच्या करडईचं तेल डब्यांतून यायचं. त्या तेलाचा घरात काय दरारा! आई ज्वारीच्या गरम भाकरीवर जवसाची चटणी वाढायची, तिच्यात बोटानं खळगा करायची आणि कच्चं तेल ओतायची, त्या वासानं शेजारचे लोक कुंपणावरून विचारायचे, "काय वैनी, भाकरी झाली वाटतं?" तेच तेल केसांना, तेच गुडघ्याला, तेच कानात कोमट करून. दार करकरलं, तेल. शिलाई मशीन अडलं, तेल. बाळंतिणीपासून बिजागरीपर्यंत सगळ्यांना एकच औषध. आई तर म्हणायची, "आपल्या रानाचं तेल हाय, कशालाच बाधत नाय." ज्या घरात असं बोललं जातं, तिथं माझ्यासारखी अर्धवट शहाणी पोरगी तयार झाली यात नवल काही नाही.

आता नानांच्या हाताचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तरुणपणी पिशोरला विहिरीच्या पायऱ्यांवरून ते पडले आणि उजवा खांदा कायमचा अडला. हात छातीच्या वर जायचा नाही, जोर लागायचा नाही. म्हणून तर शेती सोडून ते शहरात आले. आधीच्या गाडीचं साधं स्टेअरिंग ओढताना ते दात खायचे, मी पाहिलंय. रात्री आई खांदा शेकायची आणि ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. मग ही पावर स्टेअरिंगची, म्हणजे पंपानं दाबलेल्या तेलाच्या जोरावर चाक हलकं वळणारी, जुनी पिकप मिळाली. तेव्हा असलं स्टेअरिंग नवलाचं होतं. नाना डाव्या हातानं चाक फिरवायचे, उजवा हात खिडकीवर ऐटीत ठेवायचे, आणि गुलमंडीच्या बाजारातले लोक म्हणायचे, "नाना बघा, एका हातानं गाडी खेळवतात!" तो हात ऐटीसाठी तिथं नव्हता, दुसरीकडं ठेवता येत नव्हता म्हणून होता, हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक. गुलमंडीतल्या कापडाच्या शेठकडचं गठ्ठे वाहायचं काम हेच आमचं घर चालवत होतं. हात गेलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण आपला माल भरेल? म्हणून ती ऐट जपायची, आणि ऐट जपायची तर स्टेअरिंग जपायचं.

तेव्हा मी कॉलेजात जायची. छावणीच्या मोकळ्या मैदानाच्या कडेनं नानांनी मला गाडी शिकवली होती आणि लायसनही हातात आलं होतं. ते पर्समध्ये घेऊन फिरायची मी, कुणी विचारलं नाही तरी दाखवायला. नानांनी कबूल केलं होतं, "दसरा-दिवाळी उलटू दे, पिशोरपर्यंत तूच ने." त्या एका वाक्यावर मी जगत होते. मैत्रिणींमध्ये बसले की पंप, पट्टा, पाइप असे शब्द फेकायची. गफूरमामूंच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून त्यांच्या गाड्यांची तपासणी करायची. गफूरमामू म्हणजे नानांचे जुने मिस्त्री, तोंडानं भलतेच तिखट. "मेरी अम्मा आ गई," म्हणायचे, "अब गाड्यां डर के खुद सुधर जाती!" मला वाटायचं, हे कौतुक आहे.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं झाडून सगळं लोखंड पूजेला बसायचं. विळे, अडकित्ता, शिलाई मशीन, नानांचे पाने, आणि सगळ्यांच्या पुढं धुतलेली पिकप, झेंडूच्या माळा घालून. प्रत्येक हत्याराला करडईच्या तेलाचं बोट लावायचं, मग हळदी-कुंकू, मग नारळ. शेजारपाजारच्या बायका आल्या होत्या. नानांनी मला सांगितलं होतं फक्त बॉनेट उघडून आत कुंकू लाव म्हणून. मी उघडलं, सवयीनं काडी बघितली, तर तेल खुणेच्या बरंच खाली. लाल तेलाचा डबा रिकामा, दुकानं सणामुळं बंद. नानांना हाक मारून सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, राहू दे, परवा आणू. पण अंगणात बायका होत्या ना बघायला! मी पूजेच्या ताटातली तेलाची लोटी उचलली.

"अगं शके, त्याचं तेल निराळं असतंय ना?" आई म्हणाली.

"आई, तू पोळ्यांचं बघ. तेल कमी पडलं की पंपात हवा शिरते. हवा शिरली की पंप जातो. कळलं?"

आणि मी टाकी खुणेपर्यंत भरली, वर सणाचं म्हणून आणखी थोडं. शेजारची काकू म्हणाली, "बघा बाई, पोराच्या तोडीची हाय!" नाना लांब उभे होते, हात जोडून. लोटीत काय आहे ते त्यांना दिसलं नाही, पण शेजारणीचं बोलणं ऐकू आलं आणि ते हसले. ते हसू मला अजून दिसतं. माझी नात म्हणते, "आजी, एवढीशी तर गोष्ट." तिची गाडी एका बोटानं वळते, तेल नाही, पंप नाही, सगळं विजेवर. तिला काय कळणार एका लोटीत किती मावतं ते.

दसरा झाला आणि गाडी गुरगुरायला लागली. आधी नुसती वळणावर, मग सरळ रस्त्यावरही, आजारी म्हशीसारखी. नानांनी विचारलं, "शके, तेल बघितलंस?" मी छाती काढून म्हणाले, "काठोकाठ हाय. पट्टा ढिला असंल." नानांनी ते खरं मानलं. गफूरमामूंनीही ते मानलं, आणि गंमत अशी की बॉनेटखाली नीट न बघता पट्टा आवळून दिला. सणाची गर्दी होती, आणि त्यांना स्वतःच्या कानांवर फार भरवसा. "पट्टा ढिल्ला हय, और कुछ नै. जाओ, अब मक्खन!" मक्खन काही झालं नाही. गुरगुर वाढली, चाक मधेच जड व्हायचं, मधेच सुटायचं. नानांच्या कपाळावर ती जुनी शीर परत दिसायला लागली. मी घरभर सांगत सुटले की मामूंनी जुनाच पट्टा फिरवून बसवला, आपल्याला गंडवलं. नाना म्हणाले, "गफूर तसा माणूस नाय." मी म्हणाले, "तुम्ही लई भोळे." हे मी माझ्या बापाला म्हणाले. लिहिताना पेन थांबलं, म्हणून सांगते.

दिवाळीच्या तोंडावर शेठकडं गठ्ठे पोचवायचे होते आणि आईला घरासाठी कापड घ्यायचं होतं, म्हणून तिघंही निघालो. नाना स्टेअरिंगवर, मी मधे, आई खिडकीशी. गुलमंडीत मुंगीलाही वाट नव्हती. रिक्षा, हातगाड्या, पणत्यांचे ढीग, रांगोळीचे रंग, प्रत्येक दुकानाच्या पायरीवर बायका. शेठच्या गोदामाची गल्ली म्हणजे काटकोनी वळण. एरवी नाना ते ऐटीत घ्यायचे आणि पानवाला मान डोलवायचा. त्या दिवशी नानांनी चाक वळवलं, पंप मोठ्यानं रेकला, आणि चाक थांबलं. अर्धी गाडी गल्लीत, अर्धी रस्त्यावर, आडवी. मागून भोंगे सुरू झाले. नाना सीटवरून उठून डाव्या हातानं ओढू लागले. चाक बोटभर फिरलं. पानवाला ओरडला, "ओ नाना, दुसरा हात काय बायकोनं गहाण ठिवला का? लावा की!"

लोक हसले. आणि नानांनी दुसरा हात लावला. म्हणजे लावायला गेले. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून चाकावर ठेवला. तो घसरून मांडीवर पडला. पानवाल्याचं हसणं मधेच तुटलं. शेठ पायरीवरून खाली आले होते, गठ्ठे उतरवून घ्यायला. त्यांनी ते अगदी जवळून पाहिलं.

"नाना," ते हळू म्हणाले, "हाताला काय झालंय?"

"काय नाय शेठ. मुंग्या आल्यात."

मी काय केलं असेल त्या क्षणी? मी चाकाला हात घालायला हवा होता. मी मधेच तर बसले होते. त्याऐवजी आमच्या बाईसाहेब आईच्या मांडीवरून खिडकीबाहेर अर्ध्या लटकल्या आणि अख्ख्या गुलमंडीला ऐकवू लागल्या, की मिस्त्रीनं फसवलं, पट्टा जुना बसवला, अशा माणसाला बाजारात उभं करू नये. कुणीतरी स्कूटर काढली आणि खरंच गफूरमामूंना घेऊन आलं. मामू खाली उतरले ते माझी शेवटची दोन वाक्यं ऐकतच. त्यांनी सरळ बॉनेट वर केलं, टाकीचं झाकण फिरवलं, आणि आतून पांढरट-पिवळा फेस उतू आला, उतू गेलेल्या दुधासारखा, तापलेल्या इंजिनवर चर्रकन सांडला.

वास सुटला. पानवाल्याला आला, हातगाडीवाल्यांना आला. "कोण भजी तळायलंय रे?" असं एकजण म्हणाला. आई खाली उतरली. गर्दीतून वाट काढत गाडीच्या तोंडाशी गेली, फेसात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. तिला कुणाला काही लपवायचं सुचलंच नाही, ओळखीचं माणूस भेटावं तशी ती म्हणाली, "अगं बया, ही तर आपली करडई!"

गफूरमामूंनी एकदा तिच्याकडं, एकदा नानांकडं बघितलं. "नाना, गाडी में तेल डाले के फोडणी दिए? प्याज बी डालते फिर, पाहुण्यां बुलाते!"

गुलमंडी जी हसली! दुकानांच्या पायऱ्यांवरच्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून. नाना गाडीतून उतरले, उजवा हात डाव्या हातात धरून, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, "चूक झाली गफूर. मीच वतलं. घरात लाल तेल नव्हतं, म्हणलं चालतंय."

इथं मी गप्प बसले असं मला लिहिता आलं असतं, आणि ते सोपं झालं असतं. पण मी गप्प बसले नाही. मी ओरडले. "नाही! मीच घातलं! नानांना ठाऊकसुद्धा नाही! खंडेनवमीला मीच लोटीनं घातलं!" रडतच ओरडले. आणि एकानंही खरं मानलं नाही. पानवाल्याचे डोळे पाणावले. एक म्हातारी पुढं येऊन माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडू लागली. "लेकीची माया बघा. बापाचं बालंट आपल्या डोक्यावर घ्यायली." शेठ मान हलवत म्हणाले, "नाना, पोरगी लाखात एक आहे तुमची." मी आईकडं बघितलं, की तू तरी सांग. आईनं तोंड उघडलं. नानांनी तिच्याकडं बघून मान अगदी थोडी हलवली, आणि तिनं ते मिटलं. मी जितकं मोठ्यानं खरं बोलत होते, तितकी मी मोठी होत होते आणि नाना लहान. एका हाताचा ड्रायव्हर, गाडीत खायचं तेल घालणारा, पोरीच्या आड लपणारा. शेवटी मलाच गप्प बसावं लागलं, त्यांना आणखी लहान करायचं नाही म्हणून.

गाडी माणसांनी ढकलत बाजूला घेतली. दुसऱ्या दिवशी गफूरमामू स्वतः अंगणात आले. सगळं तेल काढलं, लाल तेलानं आतून परत परत धुतलं, फुगून मऊ पडलेला पाइप आणि रबराची सीलं बदलली. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, झाकण उघडं ठेवून मला म्हणाले, "बैठ. फिरा." मी स्टेअरिंगचं चाक सावकाश या टोकाला, त्या टोकाला फिरवत राहिले आणि ते टाकीत बघत राहिले. आतली हवा बुडबुड्यांनी वर येत होती. बुडबुडे थांबेपर्यंत फिरवायचं असतं. मी मान खाली घालून म्हणाले, "मामू, मी लोकांत तुम्हाला वाट्टेल ते बोलले." ते झाकण लावत म्हणाले, "बोली तो सही. पण मैं बी तो झाकण खोल के नै देख्या ना. दोनों गधे." मग हात पुसत, "मेरेकू मालूम हय किसने डाल्या. नाना के एक हाथ से बॉनेट और लोटी दोनों उठते क्या?" एवढ्या मोठ्या शहरात माझ्यावर विश्वास ठेवणारा एवढा एकच माणूस निघाला.

शेठचा निरोप आला त्या संध्याकाळी. नाना ओट्यावर बसले होते, आई आत चकल्या तळत होती, पण त्या वासाला आमच्यापैकी कुणी मान वर करत नव्हतं. निरोप्या म्हणाला, काम बंद नाही, माल नेहमीसारखा न्यायचा, मात्र गाडी नानांनी चालवायची नाही. "तुमच्या मुलीला लायसन आहे म्हणे. शेठ म्हणाले, तिला बसवा. तशी पोरगी असली की मालाची काळजी नाही." नानांनी दोन वेळा विचारलं, "शेठ स्वतः म्हणले?" मग म्हणाले, "बरं." पिशोरपर्यंत एकदा चाक हातात मिळावं म्हणून मी काय काय नवस बोलले होते. आता ते रोजचं झालं, कॉलेज सुटल्यावर रोज, आणि मी ते मिळवलं ते अशा रीतीनं.

पहिल्या दिवशी नाना डाव्या सीटवर बसले. कुणी काही बोलायच्या आत आपणच बोलून टाकायची त्यांनी तयारी केली होती. छावणीच्या नाक्यावर ओळखीचा भेटला, त्याला म्हणाले, "ही ड्रायव्हर, मी क्लीनर." पुढं आणखी कुणी भेटला, त्यालाही तेच. लोक हसायचे, नानाही हसायचे. मी आरशात बघत राहायची, मागं कुणी नसलं तरी. गुलमंडीच्या त्या वळणाशी पानवाला टपरीतून खाली उतरून आला, खास माझ्यासाठी विडा बांधून. "नाना, नशीब काढलंत! पोरगी असावी तर अशी."

"व्हय," नाना म्हणाले, "तिच्यामुळंच तर चाललंय सगळं."

मी पटकन त्यांच्याकडं बघितलं. त्या वाक्यात टोमणा असेल म्हणून मी त्यांचं तोंड शोधलं, डोळे शोधले, ओठाचा कोपरा शोधला. एवढासा जरी सापडला असता तरी मी त्याला धरून आयुष्यभर भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तिथं काहीच नव्हतं. त्यांनी विडा माझ्या हातात दिला, खिडकीतून मान बाहेर काढून गल्ली बघितली आणि म्हणाले, "ये, मोकळी हाय. घे डावीकडं."